धर्मादाय मानसोपचार केंद्रात पहिल्यांदा जाताना

तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली बागायम येथे मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. मनोरुग्णाला इस्पितळाच्या दारात सोपवून घरच्यांनी परत फिरायचे, अशी तेव्हाची सर्वत्र रूढ असलेली रीत होती. या केंद्राने मात्र रुग्णासोबत घरचे एक तरी माणूस राहिलेच पाहिजे, असा पायंडा पाडला. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले होते. सोबतीला घरचे माणूस असले की देखभालीचा खर्च कमी होतो, हे खरे आहे. परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी, की आजाराचे स्वरूप काय, गोळ्या कशासाठी आहेत आणि त्रास पुन्हा डोके वर काढू लागला तर तो कसा ओळखायचा, हे सारे त्या माणसाला तेथेच शिकता येते, आणि रुग्ण घरी परततो तेव्हा त्याला समजून घेणारे कोणीतरी घरात असते.

धर्मभावनेतून उभ्या राहिलेल्या आणि कमी खर्चात मानसोपचार देणाऱ्या अशा संस्थेत पहिल्यांदाच जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या आजारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. त्याच सर्वेक्षणानुसार औषधोपचार आणि प्रवास यांपायी एका कुटुंबाला दरमहा साधारण १००० ते १५०० रुपये खर्च येत होता. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात एवढी रक्कम वर्षानुवर्षे उभी करणे किती कठीण असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच लोक मिशनच्या दवाखान्याचा, मठाच्या रुग्णसेवेचा किंवा एखाद्या धर्मादाय न्यासाच्या केंद्राचा पत्ता विचारत येतात.

या संस्थांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी १९०० साली वेल्लोरला एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरुवात केली, आणि त्यातून वाढलेल्या महाविद्यालयाचे ब्रीद आजही ‘सेवा करून घेण्यासाठी नव्हे, तर सेवा करण्यासाठी’ या अर्थाच्या बायबलमधील वचनावर आधारलेले आहे. लखनौचे नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र १९५० साली स्टॅन्ले जोन्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यांनी स्थापन केले. भारतातील सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत ते स्वतः पुन्हा पुन्हा मानसिक खचण्यातून गेले होते, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांनी केवळ प्रार्थनागृह न उभारता डॉक्टर असलेले केंद्र उभारले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. श्रद्धेमुळे संस्था आपल्यासाठी दार उघडते; दाराच्या आत मिळायला हवे ते शास्त्रशुद्ध वैद्यकीय उपचार. पुढील प्रत्येक पायरीवर हा फरक ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी : घाई किती आहे ते ठरवा

रुग्ण आत्महत्येची भाषा करीत असेल, त्याने अन्नपाणी सोडले असेल, तो स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी भीती असेल, किंवा त्याला दिवस, वेळ, माणसे यांचे भानच उरले नसेल, तर कमी खर्चाची संस्था शोधत बसू नये. जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याला तत्काळ न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असून तिच्यावर मराठीतही बोलता येते. काय करावे ते सुचत नसेल तर निदान हा एक फोन करावा. आत्महत्येचा प्रयत्न झाला असल्यास पोलिसांच्या भीतीने तो लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते.

दुसरी पायरी : संस्था नेमकी काय करते ते समजून घ्या

धार्मिक संस्था म्हटले की आपल्याकडे अगदी वेगळ्या प्रकारची ठिकाणे एकाच नावाखाली येतात. काही ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि खाटा असलेले रुग्णालय असते. काही ठिकाणी केवळ समुपदेशन चालते. बंगळूरला १९६० च्या दशकापासून काम करणाऱ्या मेडिको पास्टोरल असोसिएशनसारख्या काही संस्था बऱ्या होत आलेल्या रुग्णांना घर आणि इस्पितळ यांच्या मधल्या टप्प्यावर राहण्याची सोय देतात. आणि काही ठिकाणी उपचार मुळीच नसतात, केवळ पूजाविधी, अंगारे आणि वास्तव्य असते.

या शेवटच्या प्रकाराबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. गाणगापूरला किंवा नृसिंहवाडीला जाऊन दत्ताच्या पायाशी बसल्याने आपल्या माणसाच्या मनाला शांती मिळत असेल, तर त्या शांतीचा कोणी अनादर करू नये. परंतु दर्शन हे उपचारांच्या जोडीने व्हावे, उपचारांच्या जागी नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासात आग लागली, आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे आणून सोडणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी ते वाईट हेतूने केले असेल, असे मला वाटत नाही. त्यांना दुसरा परवडणारा मार्ग दिसला नव्हता. आज कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा आहे. अशा खुणा दिसल्या तर तेथून रुग्णाला घेऊन तत्काळ बाहेर पडावे.

तिसरी पायरी : जाण्याआधी चौकशी करा

मनोरुग्णांना दाखल करून घेणाऱ्या किंवा मुक्कामी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती संस्था देवळाची असो, चर्चची असो वा दर्ग्याची, तिला यातून सूट नाही. नोंदणीबद्दल दूरध्वनीवर नम्रपणे विचारावे; चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

त्यानंतर उपचार कोण करणार, हे विचारावे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो, त्याची नोंदणी राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे असते आणि औषधे तोच लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो चाचण्या घेतो आणि संवादाच्या पद्धतशीर उपचारपद्धती वापरतो. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैलपणे वापरला जातो. धर्मगुरू, ख्रिस्ती भगिनी (नन) किंवा स्वयंसेवक समुपदेशन करीत असतील तर त्यांचे प्रशिक्षण कोठे झाले आणि अवघड रुग्ण ते कोणाकडे पाठवतात, एवढे दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे तयार असते, ते आपल्या मर्यादा ओळखून काम करीत असतात, असा माझा अनुभव आहे.

भाषेचा प्रश्नही याच वेळी सोडवावा, कारण तो मराठी कुटुंबांच्या ध्यानात बहुधा उशिरा येतो. वेल्लोरला जायचे असल्यास रेल्वेने काटपाडी स्थानकावर उतरावे लागते, हे कोणीही सांगेल. पण मनातले भय, संशय, लाज किंवा दुःख हिंदीत अथवा इंग्रजीत सांगणे आपल्या आजीला वा शेतावर राबणाऱ्या भावाला जमेल का, याचा विचार कोणी करीत नाही. निदान अवघड असेल, अनेक औषधे निष्प्रभ ठरली असतील, तर दूरच्या मोठ्या केंद्रात जाणे योग्यच आहे. मात्र आठवड्यामागून आठवडे चालणारे बोलण्याचे उपचार शक्यतो मराठीत आणि घराजवळच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी : कागदपत्रे जमवा

आमच्या कुटुंबातील एका जवळच्या व्यक्तीच्या आजारपणात पहिली दोन वर्षे आम्ही दर नव्या डॉक्टरांपुढे रिकाम्या हाताने जाऊन बसत होतो, आणि आधी सुरू असलेल्या गोळ्यांची नावेसुद्धा आम्हाला सांगता येत नव्हती. त्यामुळे एकदा निष्प्रभ ठरलेले औषध तिला पुन्हा सुरू झाले आणि काही महिने वाया गेले. ही चूक आपण करू नये. एका साध्या फाइलमध्ये जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासण्या आणि रिकाम्या झालेल्या गोळ्यांची पाकिटे तारखेच्या क्रमाने लावावीत. सोबत एका कोऱ्या कागदावर आजाराची सुरुवात कधी झाली, झोप, भूक आणि कामधंदा यांत काय बदल झाला, घराण्यात आणखी कोणाला असा त्रास होता का, दारू, तंबाखू किंवा इतर व्यसन आहे का, आणि कोणत्या औषधाने काय झाले, हे लिहून न्यावे. एका पानाच्या या टिपणामुळे पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो. एखादा बाबा, वैदू किंवा मांत्रिक यांच्याकडे नेले असेल तर तेही लिहावे. डॉक्टर त्यासाठी दोष देत नाहीत, आणि काही काढ्यांचा औषधांवर परिणाम होऊ शकतो.

सवलतीसाठी आधार कार्ड, शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ असावा. दाखल्याला काही दिवस लागतात, म्हणून तो निघण्याआधीच काढून ठेवावा.

पाचवी पायरी : पैशांची गोष्ट न संकोचता बोला

संकोच हा गरीब घरांचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. खर्च झेपत नाही हे सांगायला लाज वाटते, म्हणून लोक पहिल्या भेटीचे पूर्ण पैसे भरतात आणि दुसऱ्या भेटीला येतच नाहीत. धर्मादाय संस्थांमध्ये वैद्यकीय समाजसेवक नेमलेला असतो, तो याच कामासाठी. केसपेपर काढल्यावर आधी त्याला भेटावे, घरात कमावते किती, खाणारे किती, कर्ज किती, हे खरेखरे सांगावे. अनेक संस्था उत्पन्नानुसार शुल्क कमीअधिक करतात; काही ठिकाणी हप्ते मिळतात, काही ठिकाणी देणगीदारांच्या निधीतून औषधे मिळतात. सवलत घेणे म्हणजे भीक मागणे नव्हे. ज्या पैशांतून ती मिळते, ते पैसे दात्यांनी याच हेतूने दिलेले असतात.

महाराष्ट्रात याला कायद्याचाही आधार आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. धर्मादाय रुग्णालयात मनोविकार विभाग असेल तर तेथेही ही सवलत मागता येते. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. हा नियम राज्याबाहेरच्या संस्थांना लागू नाही. तेथे त्या संस्थेच्या स्वतःच्या सवलतींचीच चौकशी करावी लागते.

आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देण्याची तरतूद करणे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे, हेही लक्षात असू द्यावे. खर्चाचा अंदाज बांधताना तपासण्या विसरू नयेत. लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध सुरू झाल्यास रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते, आणि क्लोझापिन या तीव्र मनोविकारांवरील औषधासाठी रक्तातील पांढऱ्या पेशींची नियमित मोजणी अटळ असते. गोळी स्वस्त असते, तपासणी नसते.

सहावी पायरी : पहिली भेट

पहिल्या भेटीला पुरेसा वेळ काढून जावे. आधी प्रशिक्षणार्थी डॉक्टर किंवा समाजसेवक सविस्तर माहिती विचारतात आणि नंतर वरिष्ठ डॉक्टर भेटतात, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा येतात. त्याचा कंटाळा करू नये. रुग्णाशी एकांतात आणि नातेवाइकांशी वेगळे असे दोन्ही बोलणे झाले पाहिजे. ते झाले नाही तर स्वतःहून मागावे, विशेषतः रुग्ण स्त्री असेल आणि तिच्या दुःखाचे कारण घरातच असण्याची शक्यता असेल तेव्हा. सोबत आलेल्या सासूने किंवा नवऱ्याने तिच्या वतीने उत्तरे देऊ नयेत.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना निदान काय आहे, औषधाचा गुण दिसायला किती दिवस लागतील, कोणते दुष्परिणाम अपेक्षित आहेत आणि कोणत्या दुष्परिणामांत ताबडतोब फोन करायचा, हे विचारून टिपून घ्यावे. नैराश्यावरील औषधांचा पुरेसा परिणाम जाणवण्यास बहुधा काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून गोळ्या बंद केलेल्या असंख्य कहाण्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच टाळता आल्या असत्या.

सातवी पायरी : प्रार्थनेबाबत आपला निर्णय आपण घ्या

अशा संस्थेत भिंतीवर क्रूस, गणपती किंवा कुराणातील आयत दिसेल, सकाळी प्रार्थना किंवा आरती होईल, एखादे धर्मगुरू वॉर्डात भेटायला येतील. यात वावगे काही नाही. कित्येक रुग्णांना त्याचा आधार वाटतो आणि शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाने आपल्यासाठी हात जोडले, एवढ्याने एखाद्याला पहिल्यांदा रडू फुटते. मात्र त्यात सामील होणे हे पूर्णपणे रुग्णाच्या इच्छेवर असले पाहिजे. उपचारांत धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई आहे. धर्म बदलण्याची सूचना, प्रार्थनेला न आल्यास सवलत काढून घेण्याचा इशारा, किंवा आजार हा पापाचा परिणाम आहे असे सांगणे, यांपैकी काहीही घडल्यास समाजसेवकाला अथवा अधीक्षकांना सांगावे, आणि तरीही थांबले नाही तर संस्था बदलावी.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. रुग्णाला हनुमान चालिसा म्हणायची असेल, रोजा ठेवायचा असेल, वारीला जायचे असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. उपवासात गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. लिथियम घेणाऱ्याने तर निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते.

आठवी पायरी : दाखल व्हावे लागले तर

रुग्णाला आपला निर्णय समजत असेल तर तो स्वतःच्या संमतीने दाखल होतो, आणि त्याला सुट्टी मागण्याचाही हक्क असतो. निर्णयक्षमता खूप खालावलेली असेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. तो प्रतिनिधी कोण असावा, हे रुग्णाने बरा असताना लिहून ठेवलेले उत्तम. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे उपचार करण्यास बंदी आहे. योग्य रीतीने दिलेले हे उपचार मात्र तीव्र नैराश्यात जीव वाचवू शकतात, त्यामुळे नाव ऐकूनच नकार देऊ नये. आपल्या हक्कांचा भंग झाला असे वाटल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

वेल्लोरसारख्या ठिकाणी सोबत राहणार असाल तर घरातील कोण किती आठवडे राहील, शेतीचे किंवा नोकरीचे काय, मुलांची शाळा कोण पाहील, हे निघण्याआधी ठरवावे. सोबतीचे काम नेहमी एकट्या आईवर किंवा पत्नीवर सोडू नये. वडील, भाऊ यांनीही पाळी लावून राहावे, कारण तेथे जे शिकायला मिळते ते सर्वांनी शिकायचे असते.

नववी पायरी : घरी परतल्यावर

दूरच्या केंद्रातून परतताना डिस्चार्ज कार्डाच्या दोन प्रती काढाव्यात आणि एक प्रत जवळच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात नोंदवावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू असून जिल्हा रुग्णालयात नेहमीची औषधे विनामूल्य मिळतात. राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. सरकारी साठ्यात एखादे औषध नसेल तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचे स्वस्त औषध विचारावे. घटकाचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा जुळतो ना, हे तेवढे डोळ्यांनी तपासून घ्यावे.

मूळ केंद्राशी संबंध तोडू नये. वर्षातून एकदा तेथे दाखवायचे आणि मधल्या काळात जिल्ह्यात औषधे घ्यायची, अशी घडी बहुतेक कुटुंबांना परवडते. औषधाची मात्रा बदलली की दोन्ही ठिकाणच्या कागदांवर ती लिहून घ्यावी. घरात गोळ्यांचा डबा, पुढच्या तपासणीची तारीख आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांक एका ठरलेल्या जागी ठेवावा, आणि सोबतीला राहिलेल्या माणसाखेरीज आणखी एकाला तरी ती जागा ठाऊक असावी.